ब्रिटनमध्ये नवीन आलात? आधी मतदार यादीत नाव घाला

बॅगा रिकाम्या झाल्या, बँकेत खातं उघडलं, फोडणी देताना स्मोक अलार्म कितव्या मोहरीला बोंबलतो याचा अंदाज आला, की नवीन आलेली मराठी मंडळी हळूच विषय काढतात. मुलीच्या शाळेत भिंतीवर ‘ब्रिटिश मूल्यं’ असा तक्ता लावलाय, तो काय प्रकार आहे? आपल्याला ब्रिटिश व्हावं लागतं का? आणि व्हायचंच ठरवलं तर सुरुवात कुठून करायची?

मला इथं येऊन सतरा वर्षं झाली. लंडनच्या पश्चिमेला तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात राहतो. ही उत्तरं इतक्यांदा चहाबरोबर देऊन झालीत की आता एकदा लिहूनच काढतो. एक गोष्ट मात्र आधी सांगतो: व्हिसा, फी आणि मुदतीचे नियम इथं सतत बदलतात. प्रत्येक वेळी सरकारी संकेतस्थळ उघडून बघा. व्हॉट्सॲपवर आलेलं ‘आत्ताच कळलं’ बघून अर्ज भरू नका.

१. तक्ता वाचा आणि त्यात नसलेली ओळ शोधा

शाळेतल्या तक्त्यावर चार गोष्टी असतात. लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या विचारांच्या माणसांविषयी आदर व सहिष्णुता. ही यादी सरकारच्या २०११ च्या दहशतवादविरोधी धोरणातून आली आणि २०१४ पासून इंग्लंडमधल्या शाळांनी ती मुलांपर्यंत पोचवावी असा आग्रह सुरू झाला. जन्मच संशयातून झालेला असल्यामुळे काही शिक्षकांना आणि पालकांना, विशेषतः मुस्लिम पालकांना, ती टोचते. ‘यात खास ब्रिटिश असं काय आहे?’ हा प्रश्न तर गोरे पालकही विचारतात. शाळेत असताना रोज संविधानाची प्रस्तावना म्हटलेल्या आपल्या पोराला यातलं काहीच नवीन नाही.

पण नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी सरकारनं काढलेलं जे पुस्तक आहे, त्यात या चारांच्या जोडीला एक पाचवी गोष्ट आहे: समाजजीवनात सहभाग.

माझं स्पष्ट मत सांगतो. पहिल्या चार विषयांत आपण घरूनच पास होऊन येतो. आपली गाडी अडते ती पाचव्यावर. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी मराठी मित्रांकडे मिसळ, भाद्रपदात मंडळाचा गणपती, दिवाळीला फराळाची ऑर्डर. त्यात वाईट काही नाही. पण दहा वर्षं एका घरात राहून डाव्या हाताच्या शेजाऱ्याचं नाव माहीत नसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातला एक मी स्वतः होतो.

२. मतदार यादीत नाव घाला, या आठवड्यात

हे सांगितलं की समोरचा हसतो. ‘अहो, माझा पासपोर्ट भारताचा आहे.’ असू दे. भारत राष्ट्रकुलात आहे आणि राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक इथं वैध व्हिसावर राहतात, त्यांना काउन्सिलच्याच (म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या) काय, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. विद्यार्थ्यांनासुद्धा. तुमच्या ऑफिसातल्या फ्रेंच किंवा जर्मन सहकाऱ्याला वीस वर्षं राहूनही संसदेसाठी मत देता येत नाही, आणि परवा हीथ्रोवर उतरलेल्या तुम्हाला येतं. साम्राज्य गेलं, त्याची ही एक शेपटी मागे राहिली. ती आपल्या फायद्याची आहे, तर वापरा.

अर्ज ऑनलाइन भरतात, पाच-दहा मिनिटांचं काम. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. अर्जात ‘खुली यादी’ असा एक पर्याय येतो. त्यातून नाव वगळायला सांगा, नाहीतर तो पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो. या नावनोंदणीचा एक रोकडा फायदाही आहे: बँका आणि फोन कंपन्या तुमची पत तपासताना मतदार यादी बघतात. नाव असलं की पुढचं कर्ज, पुढचा फोन जरा सोपा जातो.

मतदान बहुधा गुरुवारी असतं, सकाळी ७ ते रात्री १०. केंद्र म्हणजे शाळेचा हॉल, नाहीतर चर्चची खोली. सुट्टी वगैरे नसते. संसदेच्या निवडणुकीला आणि इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांना २०२३ पासून फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओळखपत्रही मागत नव्हते. नाव-पत्ता सांगितला, टेबलामागच्या आजींनी पट्टी धरून यादीतल्या नावावर रेघ मारली आणि कागद हातात दिला. आडोशामागे दोरीनं बांधलेली पेन्सिल. फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली. बाहेर आलो आणि नकळत डाव्या हाताचं बोट बघितलं. शाई नव्हती, त्यामुळे मत दिल्यासारखंच वाटेना.

यादीत नाव आलं की आणखी एक गोष्ट मागून येते: ज्युरीचं बोलावणं. इंग्लंड-वेल्समध्ये १८ ते ७५ वय, यादीत नाव आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर किमान पाच वर्षं इथला वास, एवढं असलं की चिठ्ठी तुमच्या नावाची निघू शकते. नागरिकत्व लागत नाही. पत्र आलं तर केराच्या टोपलीत टाकू नका, दंड होतो. जाणं जमतच नसेल तर पुढची तारीख मागता येते. एका अनोळखी माणसाचं भवितव्य ठरवायला आपल्यासह बारा जणांना एका खोलीत बसवतात, यापेक्षा मोठा विश्वास हा देश तुमच्यावर दुसरीकडे कुठं टाकत नाही.

आणि खासदार. दर काही दिवसांनी ते मतदारसंघात लोकांना भेटतात, त्या बैठकीला ‘सर्जरी’ म्हणतात. डॉक्टरच्या दवाखान्यालाही इथं तेच नाव. माझ्या एका मित्राचा व्हिसा-अर्ज अडकला होता, त्याला मी म्हटलं सर्जरीला जा, तर तो गुडघ्याचे रिपोर्ट घेऊन निघाला होता.

हे मत देण्या-घेण्याचं आपल्याला फार नवीन नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून संसदेवर निवडून गेले. त्याच्या चार वर्षं आधी खुद्द पंतप्रधान सॉल्झबरी जाहीर सभेत म्हणाले होते की एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल असं वाटत नाही. फिन्सबरीच्या मतदारांनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी का होईना, दिला. दादाभाईंनी शपथ घेतली ती बायबलवर नाही, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथावर.

३. देश एक, पण घरं चार

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड. ग्लासगोच्या माणसाला ‘इंग्लंडमध्ये थंडी फार’ म्हणू नका, तो हसेल पण मनात नोंद करेल. कायदा, शाळा, दवाखाने यांचे नियमही वेगळे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधाला इंग्लंडमध्ये पैसे पडतात, बाकी तिघांकडे नाही. फुटबॉलला चार संघ, ऑलिम्पिकला एक, आणि क्रिकेटला ‘इंग्लंड’ म्हणून जो उतरतो त्यात वेल्सही धरलेलं असतं. उत्तर आयर्लंडमध्ये तर १९९८ च्या शांतता करारानं माणसानं स्वतःला ब्रिटिश म्हणवावं, आयरिश म्हणवावं की दोन्ही, हे त्याच्यावर सोडलंय. तिथं हा प्रश्न गप्पांच्या ओघात विचारू नका.

जाता जाता: मालवण तालुक्यातल्या वराडचे लिओ वराडकर पंतप्रधान झाले ते आयर्लंडचे. तो वेगळा देश, वेगळा पासपोर्ट, वेगळं चलन. गावी फोनवर हे मला तीनदा समजावून सांगावं लागलं.

या चार घरांमुळेच ‘ब्रिटिश’ हा शब्द बाहेरून आलेल्याला सोपा पडतो. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपली ओळख फक्त ‘ब्रिटिश’ अशी लिहिली. ‘फक्त इंग्लिश’ लिहिणारे १५ टक्क्यांच्या आसपास. इंग्लिश म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर अजून रक्त आणि रंग येतो. ब्रिटिश हे छत्र मोठं आहे, त्याखाली आधीच चार जण उभे होते, पाचव्याला सरकून जागा मिळते. त्याच जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याखाली, ४६.२ टक्क्यांवर आले. त्यामुळे ‘इथले लोक असेच असतात’ असं कुणी ठामपणे सांगू लागलं, तर आधी विचारा की कुठले लोक.

४. शेजार

सहभाग म्हणजे काही मोठं समाजकार्य नव्हे. त्याची सुरुवात कचऱ्याच्या डब्यापासून होते आणि मी हे गमतीनं म्हणत नाही. काउन्सिलचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा: कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाचा डबा. पहिल्याच महिन्यात मी चुकीच्या डब्यात तेलकट पिझ्झाचे खोके कोंबले. गाडी आली, डबा तसाच सोडून त्यावर एक चिठ्ठी बांधून गेली. दुपारी पलीकडच्या घरातल्या सत्तरीच्या बाई ड्रेसिंग गाऊनवरच बाहेर आल्या, माझ्या डब्यात डोकं घातलं आणि एकेक खोका उचलून ‘हे इकडे, लव्ह, हे तिकडे’ करत वेगळे करून दिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘सॉरी’ म्हटलं. त्याही ‘सॉरी’ म्हणाल्या. इथं दोघंही म्हणतात.

पुढं चार वर्षांनी त्यांना पायाच्या ऑपरेशनसाठी जायचं होतं, तेव्हा घराची चावी त्यांनी माझ्या हातात दिली. मांजराला खायला घालायचं आणि पडदे सकाळी उघडून संध्याकाळी ओढायचे. आमच्या गल्लीत ती चावी मिळणं म्हणजे काय, हे तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

बोलण्याचे काही कानमंत्र. ‘यू ऑल राइट?’ हा प्रश्न नाही, तब्येतीचा पाढा वाचू नका. ‘ऑल राइट’ म्हणून पुढं चला. ‘नॉट बॅड’ म्हणजे उत्तम. ‘दॅट्स इंटरेस्टिंग’ म्हणजे बहुधा पटलेलं नाही. ‘कधीतरी या घरी’ हे आमंत्रण नव्हे, आणि पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. रांग मात्र गंभीर बाब आहे. बस थांब्यावर तीनच माणसं विखरून उभी असली तरी कोण कुणाच्या मागे हे तिघांनाही माहीत असतं. आधी ते बघून घ्या.

घरात कार्यक्रम असेल, पूजा, डोहाळजेवण, काहीही, तर दोन दिवस आधी दोन्हीकडच्या दारात चिठ्ठी टाका: अमुक दिवशी पाहुणे आहेत, थोडा आवाज होईल, त्रास झाला तर या नंबरवर सांगा. फटाक्यांचा कायदा आपल्या बाजूनं आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एरवी रात्री ११ नंतर बंदी, पण दिवाळीच्या रात्री ती १ वाजेपर्यंत शिथिल असते. कायद्याच्या पुस्तकात दिवाळीचं नाव आहे! अर्थात कायद्यानं चालतं म्हणून पावणेएकला सुतळी बॉम्ब लावू नका. चावी परत मागतील.

५. कायदा कुठं दिसतो

२०१० च्या समानता कायद्यात नऊ गोष्टी दिल्या आहेत, ज्यांवरून नोकरीत, दुकानात, घर भाड्यानं देताना भेदभाव करता येत नाही: वय, अपंगत्व, लिंगबदल, लग्न किंवा नागरी जोडीदारी, गरोदरपण, वंश, धर्म किंवा श्रद्धा, लिंग आणि लैंगिक कल. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सला हा लागू, उत्तर आयर्लंडचे कायदे निराळे. हा कायदा तुमचं रक्षण करतो तसा तुम्हाला बांधतोही. पुरुषानं ‘माझा नवरा’ म्हटलं की भुवया वर जाणं, मुलाखतीत मुलीला लग्नाचं विचारणं, हे सामान बॅगेतून इथं आणू नका.

यादीत ‘जात’ हा शब्द नाही. तो घालावा का यावर बरीच वर्षं वाद झाला आणि २०१८ मध्ये सरकारनं ठरवलं की वेगळा शब्द नको, न्यायालयं ‘वंशा’च्या व्याख्येतून जातीचे बरेच दावे ऐकू शकतात. मला हे अपुरं वाटतं. कारण नव्या घराच्या वास्तुशांतीत ‘तुम्ही मूळचे कुठले? आडनावावरून कळलं नाही’ हा प्रश्न इथंही येतो आणि विचारणाऱ्याला काय काढून घ्यायचंय हे दोघांनाही पक्कं माहीत असतं. सहिष्णुतेचा धडा गोऱ्यांनी आपल्याला द्यायचा की आपण एकमेकांना, याचा विचार त्या फराळाच्या ताटाशी व्हायला हवा.

कायद्याचं राज्य म्हणजे काय, हे मला कळलं ते लंडनमधल्या १०, किंग हेन्रीज रोड या घरावरून. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना तिथं राहत. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते विकत घेतलं, त्याच नोव्हेंबरात भारताच्या पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. पण घराचं स्मारक-संग्रहालय करायचं तर वापर बदलण्याची परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली, कॅम्डन काउन्सिलनं नकार दिला. मग अपील, सुनावणी, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारातल्या मंत्र्यांनी परवानगी मंजूर केली. तेव्हा आपल्यातल्या अनेकांना राग आला होता, मलाही. आता वाटतं, पंतप्रधानांनी फीत कापली तरी शेजाऱ्याचं एक पत्र फाइलला लागतं, आणि त्या पत्राला उत्तर देऊन जिंकताही येतं. तुम्ही माडीवर खोली वाढवाल तेव्हाही हेच होणार आहे. आधी काउन्सिलकडे चौकशी करा, मग मिस्त्री बोलवा.

मुलं असतील तर दोन गोष्टी लगेच लक्षात घ्या. शाळा चालू असताना भाचीच्या लग्नाला तीन आठवडे भारतात नेलंत तर इंग्लंडमध्ये दंड होतो: दर पालकामागे, दर मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत न भरल्यास १६०. आईबाप आणि दोन मुलं म्हणजे ३२० पौंड, विमानाच्या तिकिटाशिवाय. दुसरं, हात उगारणं. स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून मुलांना मारायला पूर्ण बंदी आहे. इंग्लंडचा कायदा अजून तितका कडक नाही, पण शाळेला वळ दिसला तर प्रश्न विचारले जातात.

६. टाळ्या कुणाला वाजवायच्या

१९९० मध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या हुजूर पक्षाच्या खासदारानं म्हटलं की बाहेरून आलेले लोक क्रिकेटमध्ये कुठल्या संघाला टाळ्या वाजवतात, त्यावरून ते इथले झाले की नाही हे कळतं. ती ‘क्रिकेट चाचणी’ अजून लोकांच्या तोंडी आहे. मी तिच्यात नापास, माझी मुलगी पास, बायकोला क्रिकेटच आवडत नाही. लॉर्ड्सवर भारताच्या बाजूनं ओरडलात म्हणून कुणी पासपोर्ट मागत नाही.

नोव्हेंबरात मात्र जरा थांबा. ११ तारखेला ११ वाजता युद्धात मेलेल्यांच्या आठवणीत दोन मिनिटं सगळं शांत होतं, कोटांवर त्याच आठवणीची लाल पॉपीची फुलं दिसतात. ते आपलं नाही, असं मला बरीच वर्षं वाटे. मग ब्रायटनजवळच्या टेकडीवर छत्री नावाचं पांढरं स्मारक पाहिलं. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन जिथं झालं, तिथंच ते १९२१ मध्ये उभं केलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. पॉपी लावायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. काही इंग्रजही लावत नाहीत. पण ‘आपला काय संबंध’ असं म्हणू नका.

आणि तुमचं मराठीपण? ते कुणी मागत नाही. लंडनच्या डॉलिस हिलमधलं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे. तिथल्या गणपतीला जाच, फक्त एकदा त्या चावीवाल्या बाईंनाही बरोबर न्या.

७. परीक्षा, शपथ आणि जुना पासपोर्ट

कायमच्या वास्तव्याचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज करताना ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा द्यावी लागते. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर हवेत, फी ५० पौंड. एकदा पास झालात की निकालाला मुदत नाही, म्हणून वेळ मिळेल तेव्हा लवकर उरका. राजांच्या राण्या आणि लढायांची सालं पाठ करावी लागतात. इथं जन्मलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मी सराव-प्रश्न विचारले, निम्मे गारद झाले. पुस्तकात एक आपला माणूस भेटेल: शेख दीन महंमद, ज्यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्तानी जेवणाचं पहिलं हॉटेल काढलं.

बुकिंग करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. ते एकीकडे लिहिलं आणि दुसरीकडे गाळलं, तर दारातून परत पाठवतात आणि पैसेही जातात. माझ्या ओळखीत हे दोघांचं झालंय.

अर्ज मंजूर झाला की समारंभाचं आमंत्रण येतं. तीन महिन्यांच्या आत हजर राहायचं. असे समारंभ २००४ पासून होतात, पहिला लंडनच्या ब्रेंट टाउन हॉलमध्ये झाला. राजाशी निष्ठेची शपथ देवाला स्मरून घ्यायची की देवाचं नाव न घेता, हे तुम्ही निवडता. त्यानंतर सगळ्यांनी मिळून एक प्रतिज्ञा: देशाशी निष्ठा, त्याच्या हक्क-स्वातंत्र्यांचा आदर, लोकशाही मूल्यं जपणं, कायदे पाळणं. आमच्या वेळी माझ्या एका बाजूला नायजेरियाची परिचारिका होती, दुसऱ्या बाजूला पोलंडचा सुतार. राष्ट्रगीताच्या दुसऱ्या ओळीला तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो.

त्या क्षणी भारताचं नागरिकत्व संपतं. दुहेरी नागरिकत्व भारत देत नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका. तो परत करून त्याचं प्रमाणपत्र घ्या, मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करा. कार्डावर आयुष्यभर येता-जाता येतं, पण तिकडे मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

मी शपथ घेतल्याचं घरी कळवलं, तेव्हा वडील फोनवर बराच वेळ गप्प होते. मग एवढंच विचारलं, ‘सातबाऱ्यावर तुझं नाव लागेल ना रे पुढं?’ वारसा हक्कानं आलेली शेतजमीन ओसीआयवाल्याला ठेवता येते, तर हो म्हटलं.